गव्हाणीशेजारी सोफा

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सुट्टीसाठी घर शोधायला लागलं, की 'बार्न कन्व्हर्जन', म्हणजे जुन्या बार्नचं केलेलं घर, हे शब्द जाहिरातींत सारखे भेटतात. जुनी दगडी इमारत, वर लाकडी तुळया, लाकडं जाळायची शेगडी, खिडकीबाहेर मेंढ्या. आठवड्याचं भाडं ऐकून आपल्याकडचा एखादा शेतकरी विचारेल, "गोठ्यात राहायचे एवढे पैसे?" प्रश्न रास्त आहे, कारण तो गोठाच असतो. आणि माझं मत असं, की गोठा म्हणून बघितला तरच ते पैसे वसूल होतात.

मी बोलतेय ते उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्स या डोंगरखोऱ्यांमधल्या बार्नबद्दल, त्यातही स्वेलडेल या खोऱ्याबद्दल. लीड्सला राहणाऱ्या भाचीमुळे आमचं तिकडे जाणं झालं. म्यूकर आणि गनरसाइड या गावांच्या आसपास उभं राहून खाली पाहिलं, तर गंमत दिसते. नदीकाठची जमीन दगडी बांधांनी लहान लहान तुकड्यांत कापलेली, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्यात एक एकटं दगडी घर. ना अंगण, ना धुराडं, ना वाट. डेल्सच्या नॅशनल पार्कमध्ये असे काही हजार बार्न आहेत.

आता ते शेतात एकटे का? आपल्याकडे वैरण बैलगाडीत घालून घरी आणायची आणि गंजी रचायची पद्धत. गोठा घराला लागून. तिकडे उलटं. ज्या शेतातलं गवत, ते त्याच शेतातल्या बार्नच्या माळ्यावर भरायचं आणि हिवाळा आला की चार-पाच गाई त्याच बार्नमध्ये खाली बांधायच्या. वरचं गवत खाली गव्हाणीत ओढायचं. शेण साठवायचं आणि वसंतात त्याच शेतात पसरायचं. गवत, गाय, शेण, पुन्हा गवत, सगळं एका बांधाच्या आत. वाहतूक करायची ती फक्त शेतकऱ्याची. तो बिचारा बर्फात सकाळ-संध्याकाळ एका बार्नवरून दुसऱ्यावर जायचा, गाईंना पाण्यावर सोडायचा, धारा काढायचा आणि पाठीला टेकेल अशा आकाराच्या पत्र्याच्या कॅनमधून दूध घरी न्यायचा.

मग ट्रॅक्टर आला. गवत वाळवण्याऐवजी मुरघास करायला लागले, जनावरं मोठ्या शेडमध्ये एकत्र आली. बार्नच्या दारातून ट्रॅक्टर शिरत नाही, आणि तिथेच बार्नचं काम संपलं. दगडी कौलांचं छप्पर भयंकर जड असतं. एकदा पाणी आत गेलं, वासे कुजले, की काही वर्षांत सगळं खाली येतं. पाडायचं नसेल तर काहीतरी वापर हवा. इथे पाहुणे उपयोगाला येतात. 2001 साली ब्रिटनमध्ये जनावरांना लाळ्या-खुरकूत आला, लाखो जनावरं मारावी लागली आणि गावाकडच्या पायवाटाही बंद झाल्या. पाहुणे थांबल्यावर ही गावं किती अडचणीत येतात, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता आत येऊ. भिंती दोन पदरी, मध्ये खडीसारखा भराव. दोन्ही पदर एकत्र धरून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड टाकलेले असतात. त्यांची टोकं बाहेरच्या अंगाला ओळीनं पुढे आलेली दिसतात. वर एक चौकोनी खिडकी कशाला, असं वाटलं तर समजा, तिथून दाताळ्यानं गवत माळ्यावर फेकत. भिंतीतल्या अरुंद फटी हवेसाठी, नाहीतर गवत घुसमटून बुरशी धरतं. आम्ही राहिलो तिथे गाईंच्या ठाणांमधल्या दगडी फळ्या तशाच ठेवल्या होत्या आणि त्यांना टेकून सोफा मांडला होता. मला आवडलं. दुसरीकडे असे बार्नही पाहिले, की आत पांढरे चकचकीत प्लास्टर, छताला छोटे दिवे, छपरात पाच-सहा काचेच्या खिडक्या. ते पुण्याच्या एखाद्या शोरूममध्ये शोभलं असतं. गोठा अंधाराच होता, थोडा अंधार चालतो हो!

दक्षिण इंग्लंडमधले बार्न वेगळे, ते धान्याचे. त्यांना समोरासमोर दोन प्रचंड दारं असतात. मधल्या फरशीवर मळणी चालायची आणि दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जाऊन भुसा उडवायचा. आपलं खळं उघड्यावर, कारण आपल्याकडे सुगीनंतर आभाळ मोकळं असतं. तिकडे कधी भुरभुर सुरू होईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी खळ्यावरच छप्पर घातलं. आज त्या दारांच्या जागी भिंतभर काच असते आणि जाहिरातीत नेमका तोच फोटो.

बदल करायला परवानगी सोपी नाही. 2014 पासून इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतीचं घर करण्याचे नियम सैल झाले, पण नॅशनल पार्कना ती सवलत लागू नाही. त्यातून छपरात वटवाघळं राहत असली तर 1981 च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. आधी पाहणी, मग परवाना, मग काम. गव्हाणी घुबडालाही संरक्षण आहे. मालक वैतागतात, पण मूळचे भाडेकरू तेच ना.

खरा वाद वेगळा आहे. गावातल्या तरुण जोडप्याला घर परवडत नाही आणि शेजारचा बार्न मात्र पाहुण्यांसाठी झाडून-पुसून ठेवलेला. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. सुट्टीच्या घरांना मिळणाऱ्या खास करसवलती एप्रिल 2025 पासून बंद झाल्या आहेत. त्यानं तरुणांना घरं मिळतील का, याबद्दल मी साशंक आहे. शेतामधल्या बार्नला रस्ता नाही, वीज नाही, त्याचं घर करणं कोणाला परवडणार?

कधी जावं म्हणाल, तर जूनमध्ये. म्यूकरच्या कुरणांत तेव्हा गवतापेक्षा फुलं जास्त. त्यात 'यलो रॅटल' नावाची पिवळी वनस्पती असते, ती गवताच्या मुळांतून रस शोषते, गवत दबतं आणि इतर फुलांना जागा मिळते. तिचं बी वाळून खुळखुळायला लागलं, की कापणीची वेळ झाली, असं जुने शेतकरी धरत. कापणी जुलैत. पायवाट कुरणातूनच जाते, पण एकामागोमाग एक चालायचं, अशा पाट्या आहेत. गवत तुडवू नका. ते कुणाच्या तरी गाईंचं जेवण आहे.

आणि स्वयंपाकाचं. दुकान लांब असतं, हॉज किंवा रीथला जावं लागतं, तेव्हा तांदूळ, डाळ, मसाले बरोबर न्या. चीज तिथे घ्या, हॉजचं वेन्सलीडेल नामांकित आहे. बार्नमध्ये बहुतेक वेळा स्वयंपाकघर, बैठक आणि वर झोपायचा माळा हे सगळं एकाच छपराखाली मोकळं असतं. हिंग-मोहरीची फोडणी थेट पांघरुणात जाते. धुराचा अलार्मही तिथेच, तो मिरचीला आग समजतो. आमच्या भाचीनं शिडी लावून तो गप्प केला. तुम्ही मात्र दार उघडून फोडणी घाला, आणि मेंढी आत येणार नाही एवढं बघा.

नमस्कार.