फुगणारे थेंब

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर छोटे हिरवे गोल]

हे हिरवे गोल म्हणजे माणसाचं आतडं आहे. प्रयोगशाळेत वाढवलेलं, वाळूच्या कणाएवढं. याला ऑर्गेनॉइड म्हणतात. आता नीट बघा. डावीकडचे तासाभरात टम्म फुगले. उजवीकडचे होते तसेच राहिले. उजवीकडचे ज्याच्या शरीरातून आले, त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे.

आई आणि वडील, दोघांकडूनही सीएफटीआर हे जनुक बिघडलेलं आलं, की हा आजार होतो. जनुक सापडलं १९८९ मध्ये. ते जे प्रथिन घडवतं, ते पेशीच्या आवरणातलं एक दारच आहे. त्यातून क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पाणी. दार अडलं की फुप्फुसात कफ चिकट होऊन साचतो, जंतू तिथे ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. घाम मात्र खारट होतो. लेकराचा पापा घेताना ओठांना मीठ लागलं तर ते जगायचं नाही, असं युरोपात जुनी माणसं सांगत.

दार अडण्याची कारणं अनेक. या जनुकात २००० हून जास्त बदल सापडलेत. दार उघडणारं पहिलं औषध, आयव्हाकॅफ्टर, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही मोजक्या रुग्णांसाठी. पण ज्याच्यासारखा बदल जगात दोन-चार जणांतच आहे, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी मोठी चाचणी कोण घेणार, आणि कोणावर?

[पडद्यावर: उत्रेख्त, नेदरलँड्स]

२००९ मध्ये हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळ पेशीपासून असे गोल वाढवले. मग माणसाचे. २०१३ मध्ये उत्रेख्तच्याच संशोधकांनी त्यांतून ही चाचणी उभी केली. रुग्णाच्या गुदाशयातून इवलासा तुकडा घ्यायचा, जेलीत वाढवायचा, आणि त्यावर फोर्सकोलिन घालायचं. फोर्सकोलिनने दार उघडण्याचा इशारा मिळतो. दार चालू असेल तर पाणी गोलाच्या पोकळीत शिरतं आणि तो फुगतो. फुप्फुसाच्या आजाराला आतडं का, असं वाटेल. आतड्यातलं हे फुगणं पूर्णपणे याच एका दारावर अवलंबून असतं, म्हणून निकाल स्वच्छ मिळतो.

आणि हे फोर्सकोलिन आलं कुठून? आपल्या मुंबईतून. गुजरातेत जिच्या मुळांचं लोणचं घालतात, त्या गरमरच्या मुळांतून ते १९७० च्या दशकात मुलुंडच्या होक्स्ट संशोधन केंद्रात वेगळं केलं गेलं. या चाचणीचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता.

२०१६ मध्ये उत्रेख्तच्या गटाने दुर्मीळ बदल असलेल्या दोन रुग्णांची हकिगत मांडली. त्यांचे गोल औषधाने फुगले. मग तेच औषध त्यांना दिलं, आणि ते लागू पडलं.

या गोलांत कफ साचलेलं फुप्फुस नाही, जंतू नाहीत, रोगाशी झुंजणाऱ्या पेशी नाहीत. औषधाने दार उघडेल का, हा प्रश्न ते सोडवतात. शरीर ते किती सोसेल, हे नाही सांगत.

भारतात हा आजार गोऱ्यांचा म्हणून वर्षानुवर्षं मागे पडला. निदान उशिरा होतं. युरोपात सर्वाधिक आढळणारा बदल इथे त्या प्रमाणात दिसत नाही. इथले दुर्मीळ बदल जास्त. म्हणजे ही चाचणी ज्यांच्यासाठी सर्वांत मोलाची, त्यांत आपली मुलं आहेत.

[पडद्यावर: गोठवलेल्या कुप्यांची रांग]

रुग्णांचे हे गोल उत्रेख्तमध्ये गोठवून ठेवलेले आहेत. नवं औषध आलं की कुपी बाहेर काढायची, वितळवायची, आणि तासभर बघत राहायचं.