पाटी बदलायची आहे

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीत स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'विष्णुदास भावे नाट्यमंदिर' असं सगळं नाव नीट उच्चारून सांगा. तो मीटर न टाकताच विचारेल, "भावे ना?" झालं. विष्णुदास स्टेशनातच राहिले. तसं पाहिलं तर 'विष्णुदास' हेही पाळण्यातलं नाव नव्हेच. विष्णू अमृत भावे हे खरं नाव. 1843 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं त्यांनी 'सीतास्वयंवर' सांगलीत उभं केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो.

नावाचा विषय आज काढला, कारण आमच्या संस्थेचं नाव बदलायचं घाटतंय. जुनी दोन नाट्यगृहं सांभाळणारी आमची धर्मादाय संस्था. नाव सांगत नाही, कारण उद्या कुठलं राहील ते माझ्या हातात नाही. जुन्या नावात 'हौशी नाट्यमंडळ' आहे. पण मंडळानं स्वतःचं नाटक करून कैक वर्षं लोटली. आता आमचं नाटक म्हणजे पत्रे! पावसाळ्याच्या तोंडावर छपरावर माणूस चढवायचा, विंगांना लागलेली वाळवी काढायची, झालर शिवून घ्यायची, दौऱ्यावरची मंडळी आली की मेकअप रूममध्ये पाणी आहे का बघायचं. लोक मात्र फोन करून विचारतात, "यंदा काय बसवताय?" काय सांगणार? छप्पर बसवतोय.

म्हणून बदल हवा, असं माझं मत. मतभेद आहे तो नव्या नावाबद्दल. आमची तरुण मंडळी एक नाव घेऊन आली. त्यात 'हेरिटेज' होतं, 'कल्चरल' होतं, शेवटी 'फाउंडेशन'. कंपन्यांकडून देणगी मिळवायला सोपं जातं म्हणे. जात असेलही. पण त्या नावात नाटक कुठं आहे आणि गाव कुठं आहे, हे मला भिंग घेऊनही सापडलं नाही.

आपल्याकडच्या जुन्या मंडळ्यांची नावं आठवा. सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर. आधी गावाचं नाव, पुढे 'नाटक मंडळी'. कोण, कुठले आणि काय करतात, तीन शब्दांत काम संपलं. मग 1880 साली किर्लोस्करांची मंडळी आली आणि माणसाच्या नावाचा जमाना सुरू झाला. 1913 ची गंधर्व. त्यातले 'गंधर्व' म्हणजे आपल्याच नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस. मिरजेच्या नाट्यगृहावर आज जे 'बालगंधर्व' हे नाव आहे, तेही लोकांनी ओठावर ठेवलेलं. शाळेच्या हजेरीपटावरचं नव्हे.

नाव बदललं की जुनं सगळं पुसलं जातं, असं आमचे ज्येष्ठ सभासद म्हणतात. मी त्यांना कोल्हापूर दाखवतो. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं पॅलेस थिएटर पुढे संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावानं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. म्हणून शाहू महाराजांना कोणी विसरलं का? 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. तेव्हा बाहेर उभी राहून रडणारी माणसं पाटीसाठी रडत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं मात्र आमच्या लाकडी गॅलऱ्या आणि त्यांच्यामागची जुनी वायरिंग आली. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं.

आता कागदोपत्री काय लागतं, तेही ऐका, कारण तुमच्याही गावात अशी संस्था असेल. सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, घटनेत दुरुस्ती करायची आणि 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. मग पॅन कार्ड, बँक, वीजबिल, रबरी शिक्के. ज्या 1950 च्या कायद्याखाली हा अर्ज जातो, तो आधी 'मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा' होता, आता 'महाराष्ट्र' झालाय. कायद्यालाही पाटी बदलावी लागली, तर आम्ही कोण?

सभेत मी उठून एवढंच म्हणालो, की 'हौशी' काढा, माझी ना नाही. 'फाउंडेशन' गाळा. गावाचं नाव पहिलं घ्या आणि 'नाट्यगृह' हा शब्द ठळक ठेवा. हो-ना करता करता चहा गार झाला. शेवटी हात वर झाले, माझ्या बाजूनं थोडे जास्त. एक ज्येष्ठ सभासद हात वर न करता उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नेहमीसारखे बुकिंगच्या खिडकीत प्लॅन मांडून बसले होते. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

पेंटर परवा येऊन माप घेऊन गेला. "जुनी पाटी भंगारात द्यायची का?" म्हणाला. म्हटलं, ती मेकअप रूममध्ये आरशाच्या वर लाव. आणि नवीनची घाई करू नकोस, मंजुरी यायचीय. तोवर जुनीचे खिळे तेवढे घट्ट कर, वारा फार सुटलाय.

नमस्कार.