आधी पोटोबा

श्रोतेहो, नमस्कार.

मार्चमध्ये आमच्या कोथरूडच्या घरी, बाल्कनीत टांगलेल्या कुंडीत बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. तीन अंडी, दोन आठवड्यांत तीन पिल्लं. एका सकाळी मी दाराआड बसून फेऱ्या मोजल्या. तासाभरात अकरा! अळी, नाकतोडा, परत अळी. चोच रिकामी झाली की पाखरू लगेच उडायचं, स्वतः काही खाताना मला एकदाही दिसलं नाही. चौथ्या दिवशी कावळ्यानं घरटं लुटलं. मला दिवसभर जेवण गेलं नाही. पण महिन्याच्या आत शेजाऱ्यांच्या जास्वंदीत नवं घरटं उभं होतं.

आईबापांनी पोटाला चिमटा काढून लेकरं वाढवायची, ही आपल्या मनातली मूर्ती. बुलबुल त्या मूर्तीत चपखल बसतो. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते समुद्रपक्षी मात्र बसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटतं.

दक्षिणेकडच्या थंड समुद्रावरचा भटका अल्बाट्रॉस घ्या. पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत भरतात. विणीला लागायलाच त्याला दहाएक वर्षं लागतात. अंडं एकच. ते उबवायला अकरा आठवडे, पिल्लू उडायला आणखी नऊ महिने. त्यामुळे पिल्लू नीट वाढलं तर पुढचं अंडं दोन वर्षांनी. पक्षी जगतो मात्र पन्नास-पन्नास वर्षं.

नर-मादी आळीपाळीनं अंड्यावर बसतात. एक बसलेला, उपाशी, दुसरा समुद्रावर. तो जातो तरी किती लांब? फ्रेंच शास्त्रज्ञांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवून हे मोजलं, आणि १९९० साली ते छापून आलं. एकेका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर. पुण्याहून कन्याकुमारीला पाच वेळा जाऊन यावं, इतकं! जोडीदार फारच लांबला आणि बसलेल्या पक्ष्याची चरबी संपत आली, तर तो अंडं टाकून उठतो. समुद्रावर जातो. अंडं थंड पडतं.

ऐकून वाईट वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण हिशेब बघा. बुलबुलाला महिन्याभरात दुसरी संधी मिळाली. अल्बाट्रॉसच्या पुढे वीस-पंचवीस विणी उभ्या आहेत, आणि त्या सगळ्या त्याच्या एका देहावर अवलंबून आहेत. एका अंड्यापायी तो देह गेला, तर पुढची सगळी पिल्लं गेली. शिर सलामत तो पगडी पचास, हे आपण उगाच म्हणत नाही.

कॅनडातल्या केंट बेटावर या हिशेबाची परीक्षाच घेतली गेली. तिथं लीचचं स्टॉर्म पेट्रेल हे चिमुकलं समुद्रपाखरू बिळात घरटं करतं. वजन जेमतेम पंचेचाळीस ग्रॅम, आयुष्य तीस वर्षांहूनही अधिक. संशोधकांनी काही आईबापांची उडण्याची पिसं थोडी कमी केली, म्हणजे अन्न आणणं त्यांना जड जावं. १९९५ साली निष्कर्ष छापून आला: आईबापांची स्वतःची तब्येत ढळली नाही, पिल्लं मात्र हळू वाढली. वाढलेला सगळा भार पिल्लाच्या अंगावर गेला.

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र ब्लू पेट्रेलची. दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलेन बेटांवरचे हे समुद्रपक्षी पिल्लू वाढवताना दोन तऱ्हेच्या फेऱ्या करतात. एक-दोन दिवसांच्या जवळच्या फेऱ्या पिल्लासाठी असतात. त्यांत पिल्लाला वरचेवर घास मिळतो, पण आईबाप झिजतात. वजन एका मर्यादेखाली आलं की पक्षी थेट अंटार्क्टिकाकडच्या पाण्यावर जातो आणि आठवडाभर स्वतः चरतो. अंग भरलं की परततो. मोकळ्या हातानं नाही हं! भक्ष्य जठरातच अंशतः पचून त्याचं दाट तेल झालेलं असतं, ताज्या भक्ष्याच्या कितीतरी पट ताकदीचं. चोचीत चोच घालून ते पिल्लाला पाजलं जातं.

माझ्या लेकीच्या बाळंतपणात तिच्या सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. बाळ रडत होतं, लेक उठायला लागली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, “मी घेते त्याला. तू आधी खा. तुझ्याच अंगात काही नसलं, तर त्याला काय देशील?” पेट्रेलच्या त्या लांबच्या फेरीविषयी वाचताना मला तो लाडूचा डबा आठवला.

ज्याला इतकं जपायचं तो मोठा पक्षीच मरू लागला, तर हा सगळा हिशेब कोसळतो. आज नेमकं तेच होतंय. ट्यूनासाठी बोटी मैलोन्मैल लांब दोर सोडतात, त्यावर हजारो गळ, गळाला माकूल. अल्बाट्रॉस माकूल गिळतो, गळात अडकतो, दोराबरोबर खाली ओढला जाऊन बुडतो. बेटावरच्या पिल्लाला एकटा जोडीदार सहसा वाढवू शकत नाही. त्याला नवी जोडी जमवायलाही काही वर्षं जातात. एका गळानं इतकं नुकसान! आणि उपाय साधे आहेत: गळ रात्री सोडायचे, दोराला वजनं लावायची, बोटीमागे फडफडत्या पट्ट्यांची दोरी बांधायची. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटांच्या पाण्यात असे नियम झाले, गळाची मासेमारी हिवाळ्यापुरती ठेवली, आणि तिथं पक्षी मरणं जवळजवळ थांबलं. त्या हद्दीबाहेरच्या खुल्या समुद्रात मात्र तेच पक्षी अजून मरताहेत. हे मला सहन होत नाही.

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर लेसन अल्बाट्रॉसची एक मादी आहे, विज्डम नावाची. १९५६ साली तिच्या पायात ओळखीचं कडं घातलं तेव्हा ती अंड्यावर बसलेली होती, म्हणजे किमान पाच वर्षांची. तिचा जुना जोडीदार काही वर्षं दिसलेला नाही. २०२४च्या नोव्हेंबरात ती नव्या जोडीदाराबरोबर परत आली आणि तिनं अंडं घातलं. वय निदान चौऱ्याहत्तर. मग अंडं जोडीदाराच्या पोटाखाली सोपवून ती समुद्रावर चरायला गेली. जानेवारीत पिल्लू बाहेर आलं.

नमस्कार.