दर भरण्याआधी खड्डा खोदा

मंडळी, तालुक्याच्या गावात बांधकामाचा ठेका घेणाऱ्याला सगळ्यात आधी विचारलं जातं, ‘स्क्वेअर फुटाला काय रेट?’ आणि आपल्यातले बहुतेक जण उभ्याउभ्याच आकडा सांगून मोकळे होतात. आजचं माझं बोलणं त्या आकड्याबद्दलच आहे. प्लॉटवर दोन मीटरचा खड्डा खोदून पाहिल्याशिवाय तो आकडा तोंडातून काढू नका. दोन मजुरांचं दिवसभराचं काम आहे, त्याची मजुरी तुमच्या खिशातून गेली तरी चालेल.

कारण आपली जमीन. अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातली काळी माती पावसाचं पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटते, तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर टेकलेलं घर दरवर्षी वर उचललं जातं आणि खाली बसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, श्रावणात दार चौकटीत अडकतं आणि होळीला मोकळं होतं. घरमालक प्लास्टरवाल्या मिस्त्रीला दोष देतो. प्लास्टरचा काही संबंध नसतो, चूक पायात असते.

खड्ड्यात बघायचं एवढंच की काळी माती कुठे संपते. सव्वा मीटरवर कडक मुरूम लागला तर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, मुरमात न्यायचं. वाढलेली खोदाई आणि कॉलमची वाढलेली लांबी दरात धरायची. दोन मीटरवरही काळीच माती असेल, तर ‘अजून एक फूट खोदू’ म्हणून भागत नाही. तिथे अंडर-रीम्ड पाइल लागतात, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. ३०० मिलिमीटरचा पाइल असेल तर खालचा फुगवटा त्याच्या अडीचपट, म्हणजे ७५० मिलिमीटर, आणि खोली निदान साडेतीन मीटर. किती पाइल आणि कुठे, हे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनं सांगायचं, आपण अंदाजानं नाही. अशा जमिनीत प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, बीमच्या तळाशी ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी लागते. साइटवर नेमकी हीच गोष्ट गाळली जाते, कारण तळाला फळी लावण्यापेक्षा बीम सरळ मातीवर ओतणं सोपं. पहिल्या पावसाळ्यात ती माती फुगून बीमला खालून रेटते.

माती किती फुगणारी आहे याची शंका असेल तर प्रयोगशाळेत फ्री स्वेल चाचणी करून घ्या. ४२५ मायक्रॉन चाळणीतून काढलेली १० ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा जास्त भरलं, तर पायाचा खर्च नेहमीच्या हिशेबानं धरू नका.

खोदलेली काळी माती परत प्लिंथमध्ये ढकलणं हा आपल्या भागातला सगळ्यात महागात पडणारा आळस आहे. भरावाला मुरूमच हवा. २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. ६०० चौरस फुटांच्या प्लिंथला दोन फूट भराव म्हणजे १,२०० घनफूट, १२ ब्रास. पण हा दबलेला मुरूम झाला. ट्रॉलीतून येणारा मुरूम सैल असतो, म्हणून १५ ब्रास तरी धरा.

दराचा दुसरा भाग महिना. पूर्व विदर्भात मे महिन्यात मजूर तेंदूपत्त्याला जातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीला. पश्चिमेकडे दिवाळीनंतर कापूस वेचणीला बायामाणसं मिळत नाहीत. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात. मालकाच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर, पण काम काढलं जातं अक्षय तृतीयेला. मग स्लॅब नेमका मेअखेरीस येतो, ४५ अंशांच्या उन्हात, विहीर तळाला गेलेली असताना. मालकाशी बसून पाया जानेवारीत काढायला लावा. स्लॅब एप्रिलच्या आत ओतून झाला पाहिजे. त्याला ऐकायचं नसेल, तर मेच्या स्लॅबचा दर वेगळा सांगा आणि का वेगळा तेही सांगा.

तो वेगळा का, ते ६०० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबवर बघू. काँक्रीट २५० घनफूट, म्हणजे सात घनमीटर. एकास दीडास तीन (सिमेंट, रेती, गिट्टी) प्रमाणात सिमेंट ५७ बॅगा, रेती साधारण १०५ घनफूट, गिट्टी २१० घनफूट. एका बॅगला ३० लिटरच्या वर पाणी नाही, आणि रेतीत असलेलं पाणीही त्यातच मोजायचं. म्हणजे कालवायला १,७०० लिटर. ओतल्यावर स्लॅब ओला ठेवायला त्यावर दोन इंच पाण्याचे वाफे बांधले तर नुसत्या पहिल्या भरण्याला २,८०० लिटर लागतं. आपण वापरतो ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. त्याला निदान दहा दिवस पाणी हवं, १४ दिवस चांगलं. मे महिन्यात रोज उडून जाणारं पाणी वेगळंच. टँकर किती लागतील ते आधी मोजा, नाहीतर पाचव्या दिवशी वाफे कोरडे पडतात आणि कोणी काही बोलत नाही. उन्हात ओतताना गिट्टीवर आदल्या रात्री पाणी मारा, काम पहाटे सुरू करा, आणि ओतलेला भाग कडक होऊ लागला की ओलं पोतं टाका. ओल्या स्लॅबवर तासाभरात केसासारख्या भेगा दिसू लागल्या तर समजा, वरचं पाणी उन्हानं आणि वाऱ्यानं ओढलं.

मिक्सरपाशी घमेल्यानं मोजणं बंद करा. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर आतल्या मापाचा फरमा, म्हणजे मापाची पेटी, बनवून घ्या. तो बरोबर ३५ लिटरचा, एका बॅगेइतका. रेती दीड फरमा, गिट्टी तीन फरमे. घमेलं एकानं शिगोशीग भरलं, दुसऱ्यानं कमी, की प्रमाण गेलं. रेतीचं आणखी एक आहे. ओलसर रेती फुगलेली असते, मापात चौथाईपर्यंत जास्त दिसते. ट्रकमधला एक ब्रास वाळला की ८० घनफूट निघू शकतो. पैसे मात्र १०० चे दिलेले असतात.

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू, लवकर काढायचा मोह सगळ्यांना होतो, कारण प्लेटा भाड्याच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, बीमखालचे १४, सहा मीटरच्या वर २१. हे दिवस साध्या, राख नसलेल्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसीची ताकद हळू चढते, म्हणून थोडे जास्तच धरा. भाड्याचे दिवस याच हिशेबानं दरात घाला.

आता नोंदणी. खाजगी घराच्या ठेकेदाराला आपल्याकडे कोणी लायसन्स विचारत नाही, वायरिंग मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते. सरकारी कामाला सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी लागते आणि कितीच्या कामाला निविदा भरता येईल हे वर्गावरून ठरतं. तिथे नवा माणूस सरकारी दरसूचीपेक्षा बराच खाली जाऊन काम घेतो आणि कपाती विसरतो. आयकर एक टक्का, फर्म असेल तर दोन. करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीची दोन टक्के कपात. बांधकाम कामगार उपकर एक टक्का. वर सुरक्षा अनामत, जी दोष दायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर आपणच दुरुस्त करायची मुदत, संपेपर्यंत अडकून राहते. आयकर आणि जीएसटीची कपात विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येते, पण तोवर मजुरांचा शनिवारचा चुकारा तुम्हालाच करायचा असतो. रेती-गिट्टीचे वाहतूक पास जपून ठेवा, नाहीतर स्वामित्वधनही (सरकारची रॉयल्टी) बिलातूनच कापलं जातं. आणि मजुरांना ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र मागितल्याबरोबर द्या. त्याच्यावर त्यांची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडची नोंदणी टिकते, तुमची फक्त एक सही लागते.

खाजगी कामात लेखी करार करा, दोन पानी पुरे. मोजणी कशी धरायची ते त्यात पाहिजेच: छज्जा, जिना, पॅरापेट धरणार की नाही? निम्मी भांडणं इथेच होतात. हप्ते पाया, प्लिंथ, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर असे पाडा, आणि प्रत्येक हप्ता पुढचं काम सुरू करण्याआधी घ्या. खोदाईत ठरल्यापेक्षा जास्त खोल जावं लागलं तर घनमीटरला काय दर, हेही लिहा. खड्डा प्लॉटच्या एका कोपऱ्यात घेतलेला असतो. दुसऱ्या कोपऱ्यात बुजवलेली विहीर किंवा जुनी शेणखताची खाच निघू शकते, म्हणून म्हाताऱ्या शेजाऱ्यांना विचारून घ्या. जमीन तीच असते, पण तिथे पूर्वी काय होतं ते त्यांनाच आठवतं.