मुसकं, पट्टा आणि मालक

श्रोतेहो, नमस्कार.

पिटबुल, रॉटवायलर अशा कुत्र्यांवर सरसकट बंदी घालावी का, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढतो. कुठेतरी लिफ्टमध्ये कुत्रं चावतं, सीसीटीव्हीचं चित्रण दिवसभर टीव्हीवर फिरतं, आणि जो तो विचारतो, असली जात ठेवूच कशी देतात? २०२२ मध्ये लखनौत घरातल्याच पिटबुलने एका वृद्ध बाईंचा जीव घेतला. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जातींवर बंदी घातली. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं राज्यांना पत्र गेलं की २३ जातींना परवाने देऊ नका, आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते रद्द केलं, कारण ज्यांचा संबंध येतो त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पण समजा, बंदी टिकली असती, तर पुढे काय झालं असतं? इंग्लंडने ते करून पाहिलंय. तिथल्या डेम्प्सी नावाच्या कुत्रीची हकिगत आज सांगतो, आणि जरा सविस्तरच सांगतो.

मे १९९१. ब्रॅडफर्ड शहरात सहा वर्षांच्या एका मुलीला पिटबुलने फार वाईट चावलं. वर्तमानपत्रं पेटली. तेव्हाचे गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईघाईने कायदा आणला आणि ऑगस्टमध्ये तो लागूही झाला. त्यात चार जाती होत्या: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. आधीपासून पाळलेलं कुत्रं जिवंत ठेवायचं तर नोंदणी करा, नसबंदी करा, चिप बसवा, अंगावर नंबर गोंदवा, विमा काढा. आणि घराबाहेर पट्टा आणि तोंडाला मुसकं, क्षणभरही निघता कामा नये.

डेम्प्सी लंडनमधली पिटबुल. मालकिणीने यातलं सगळं केलेलं. कुणाला चावल्याची, कुणावर धावून गेल्याची एकही तक्रार नाही.

एप्रिल १९९२ मध्ये एका संध्याकाळी मालकिणीच्या ओळखीतला एक मुलगा डेम्प्सीला फिरायला घेऊन गेला. वाटेत कुत्रीला मळमळायला लागलं, ती ओकायला लागली. आता ओकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलेलं असेल तर उलटी श्वासनलिकेत जाते आणि ते गुदमरतं. मुलाने मुसकं काढलं. कुणीही काढलं असतं. नेमके तेव्हाच तिथे दोन पोलीस होते. पिटबुल, सार्वजनिक जागा, मुसकं नाही! झालं, डेम्प्सी जप्त.

तीन महिन्यांनी ईलिंगच्या कोर्टाने तिला मारून टाकण्याचा हुकूम दिला. न्यायाधीश क्रूर होते म्हणून नव्हे. कायद्यात मधली वाटच नव्हती. जात यादीतली आणि तोंड उघडं, एवढं सिद्ध झालं की कुत्रं मारायचं. ते चावलं का, चावेल का, हे विचारायची सोयच ठेवली नव्हती.

मग अपिलं सुरू झाली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, कुत्री पिंजऱ्यातच. फ्रान्समधून अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांनी कळवलं की तिला माझ्याकडे पाठवा, मी सांभाळते. (आपल्याकडेही पाहा, प्राण्यांच्या प्रश्नावर नटनट्या बोलल्या की कॅमेरे पोचतात, पशुवैद्य बोलला की कुणी पोचत नाही. असो.) शेवटी नोव्हेंबर १९९५ मध्ये, तीन वर्षांहून जास्त काळाने, डेम्प्सी सुटली. कशावर सुटली? ती गरीब आहे म्हणून नाही. पहिल्या सुनावणीची तारीख मालकिणीला कळवलीच नव्हती, या तांत्रिक मुद्द्यावर सुटली. घरी आली आणि पुढे २००३ पर्यंत, सतरा वर्षांची होऊन, म्हातारपणाने गेली.

असे खटले गाजल्यावर १९९७ मध्ये कायदा सैल केला, कोर्टाला विचार करायची मुभा मिळाली. पण यादी राहिली. यादी राहिली की लोक यादीबाहेरचं कुत्रं शोधतात. मग एक्सएल बुली नावाचं दांडगं कुत्रं आलं, माणसं मेली, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सूट मिळाल्याच्या दाखल्याशिवाय ते पाळणंही गुन्हा ठरला. ओळखायचं कसं? टेप लावून. खांद्यापाशी उंची नराची ५१ सेंटिमीटर, मादीची ४८, शिवाय डोक्याची ठेवण, छातीची रुंदी. वागणूक मोजायची टेप नाही. आपल्याकडे तर निम्म्या ‘पिटबुल’ना वंशावळीचा कागदच नसतो; विकणारा सांगेल ती जात.

दुसरी बाजूही खरी आहे. चाळीस किलोचं कुत्रं आणि पाच किलोचं पॉमेरेनियन यांचा चावा सारखा नसतो. पॉमेरेनियन जास्त वेळा चावत असेल, पण त्याने हाड मोडत नाही. म्हणून मी म्हणेन, यादी जातींची नको, नियम वजनावर लावा. मोठ्या कुत्र्याला बाहेर मुसकं सक्तीचं, आणि पट्टा ज्याच्या हातात त्याला ते कुत्रं आवरता आलं पाहिजे. पस्तीस किलोचा लॅब्रेडोर बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन खाली पाठवणं हा बेफिकीरपणा आहे, मग लॅब्रेडोर कितीही गोड असो. पट्टा चारपाच फुटांचा, ठरावीक लांबीचा घ्या. डबीतून सुटत जाणारी ती बारीक दोरी घेऊ नका. कुत्रं झेपावलं की ती थांबवेपर्यंत ते समोरच्यापर्यंत पोचलेलं असतं, आणि हाताने धरायला गेलात तर बोटं कापतात.

मुसकं जाळीचं घ्या, पिंजऱ्यासारखं. आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. कापडाचं घट्ट मुसकं डॉक्टरकडे दोन मिनिटांपुरतं ठीक. ते बांधून मे महिन्यात फिरवलंत तर कुत्र्याला उष्माघात होतो, कारण अंग थंड करायला त्याच्याकडे धापा टाकण्यावाचून फारसा मार्ग नाही. (नागपूरच्या उन्हात हस्की, म्हणजे बर्फाळ मुलखातलं कुत्रं, पाळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या मराठवाड्यातलं कारवानी कुत्रं काय वाईट आहे?) सवय लावताना मुसक्याच्या तळाशी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा, कुत्र्याला आपणहून तोंड घालू द्या. आठवडाभर नुसतं एवढंच. बक्कल नंतर.

आणि गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. मार खाऊन ते गुरगुरायचं सोडतं आणि सरळ चावतं. मग मालक म्हणतो, ‘अहो, काही न करता चावला.’ त्याआधी अंग ताठ झालेलं असतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसत असतो, ते ओठ चाटत असतं. ते बघायचं काम मालकाचं.

‘तो काही करत नाही हो’ या वाक्याला कायद्यात किंमत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणासाठी आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात जातीचा उल्लेख नाही. कलम आहेच, वापरलं जात नाही.

आता चावलंच तर. मालकाने आधी कुत्र्याच्या रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवावं, दवाखान्याचा खर्च उचलावा आणि कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवावं, कुणाला देऊन टाकू नये. पण ज्याला चावलं त्याने त्या कार्डावर विसंबून थांबू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आपण दोन मिनिटांत कंटाळतो. हळद, चुना, तिखट काही भरू नका. टाके घालायची घाई नको. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, लागतं, आणि ते जखमेत, जखमेच्या कडेने टोचतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर तिथेच पुढे कुठे मिळेल ते विचारून लगेच निघा. लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आत ते घ्यावंच लागतं. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट झाली, त्या भीतीने कुणी घरी बसू नका. आता दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत टोचायची लस असते, तिचे दिवस लिहून घ्या: शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. शून्य म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. स्नायूत देत असतील तर मध्ये चौदावा दिवस वाढतो. पुन्हा सांगतो: शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. तिसऱ्या इंजेक्शननंतर जखम भरलेली दिसते आणि पुष्कळजण अठ्ठाविसाव्या दिवशी जातच नाहीत. तो डोस चुकवायचा की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

नमस्कार.