परदेशी ब्रीडरकडून पिल्लू मागवताय? पैसे पाठवण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी.

युरोपातल्या एखाद्या केनेलचा व्हिडिओ तुम्हाला येतो. सात-आठ आठवड्यांचं जर्मन शेफर्डचं पिल्लू, हिरवळ, मागे आईबाप, हातात कागद. खाली लिहिलेलं असतं, ‘भारतात घरपोच पाठवतो.’ किंमतही परवडण्यासारखी वाटते. हे पिल्लू खरं आहे आणि ब्रीडरही प्रामाणिक आहे असं आज धरून चालू. तरी अडचणी येतात, आणि त्यातल्या बहुतेक ब्रीडरच्या हातातच नसतात. आपण जर्मनीहून मुंबईला येणाऱ्या पिल्लाचं उदाहरण घेऊ.

पहिला प्रश्न: हे पिल्लू भारतात आणायची तुम्हाला परवानगी आहे का?

ब्रीडर म्हणतो, ‘भारतात आमची खूप पिल्लं गेलीत.’ गेली असतील. पण कोणाच्या नावावर गेली, ते तो सांगत नाही. सामानाबरोबर, म्हणजे बॅगेज म्हणून, पाळीव प्राणी आणायची सवलत दोन वर्षं सलग परदेशात राहून कायमचं भारतात परतणाऱ्यांसाठी आहे. कस्टम्सचं २०१३ चं परिपत्रक आहे, एका वेळी जास्तीत जास्त दोन प्राणी. बाकीच्यांना डीजीएफटीचा, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा, आयात परवाना लागतो. शिवाय २०१६ मध्ये डीजीएफटीने प्रजननासाठी किंवा धंद्यासाठी कुत्री आणण्यावर बंधन घातलं. त्यावरून न्यायालयात दावेही झालेत. त्यामुळे जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका. सध्याचा नियम एक्यूसीएसला, म्हणजे प्राण्यांच्या क्वारंटाइन सेवेला, ईमेल करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. ते उत्तर हातात येईपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही पाठवू नका.

इथेच एजंट एक ‘सोय’ सुचवतो: कायमचं परतणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या नावावर पिल्लू आणायचं. हे करू नका. कुत्र्याचा पासपोर्ट, आरोग्य प्रमाणपत्र, कस्टम्सचा कागद, सगळ्यावर त्या माणसाचं नाव असतं. उद्या काही वाद झाला तर कागदोपत्री कुत्रा त्याचा, तुम्ही कोणीच नाही. आणि कस्टम्सने चौकशी केली तर खोटी माहिती देऊन आणलेला प्राणी ठरतो.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी वेगळी अडचण आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा लागतो. कातडीखाली ओळखीची चिप लागते आणि सीडीसीचा, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा, ऑनलाइन फॉर्म लागतो. म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू तिकडे नेणं आता शक्यच नाही, मग ते कुठल्याही देशातून असो.

आता कॅलेंडर. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि फसवणारं कोणीच नसतं.

[स्क्रीनवर: ८ आठवडे – १२ आठवडे – १७ आठवडे – १९ आठवडे]

पिल्लू आठव्या आठवड्यात आईपासून वेगळं होतं. रेबीजची लस युरोपात बाराव्या आठवड्याआधी ग्राह्य धरत नाहीत. आधी चिप, मग लस, हा क्रम चुकला तर ती लस कागदावर शून्य. भारताच्या नियमात रेबीजची लस प्रवासाच्या एक महिन्याहून जास्त आधी आणि बारा महिन्यांच्या आत दिलेली असावी लागते. बारा आठवडे अधिक महिनाभर, म्हणजे पिल्लू सतरा आठवड्यांच्या आसपास निघू शकतं. त्यात पुढे सांगतो ती रक्ततपासणी धरली की एकोणीस आठवडे.

मग आठव्या ते एकोणिसाव्या आठवड्यापर्यंत ते राहणार कुठे? ब्रीडरकडेच. ७७ दिवस. दिवसाला १५ युरो धरले तर ११५५ युरो, आणि हा आकडा पहिल्या कोटेशनमध्ये क्वचितच असतो.

पण पैशांपेक्षा मोठा तोटा वेगळा आहे. पिल्लाचं समाजीकरणाचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं, ते त्याला नेहमीचं वाटतं. त्यानंतर नवी गोष्ट दिसली की आधी संशय येतो. हे सगळे आठवडे पिल्लाने केनेलच्या कुंपणात काढले, तर साडेचार महिन्यांचा एक देखणा कुत्रा मुंबईत उतरतो आणि लिफ्ट, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी, गणपतीतले ढोल या सगळ्याला बिचकतो. तापट जात असेल तर बिचकण्याचं भुंकण्यात आणि पुढे चावण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून करारात लिहून घ्या: आठवड्यातून किमान तीन वेळा आवाराबाहेर नेणं, गाडीतून प्रवास, जिने, अनोळखी माणसं, लहान मुलं, आणि क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्यात, रात्र काढायची सवय. दर आठवड्याला तारखेसह व्हिडिओ. चांगला ब्रीडर याचे वेगळे पैसे मागेल, ते द्या. हो म्हणायलाच तयार नसेल तर दुसरा शोधा.

उशिराचा एक फायदाही होतो. सोळाव्या आठवड्याला तिथल्या व्हेटकडून दातांची ठेवण आणि, नर असेल तर, दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का, हे तपासून लेखी घेता येतं. आठ आठवड्यांच्या पिल्लात हे सांगणं अवघड असतं. बाकी रक्कम या रिपोर्टनंतरच द्यायची, असंही करारात टाका.

आता हमी. ‘हिप डिस्प्लेशिया निघाला तर पिल्लू बदलून देऊ.’ म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष. वाचायला छान. पण आधी कुत्रा परत द्यायचा असतो, आणि परत पाठवणं म्हणजे काय ते बघा. युरोपीय संघाच्या नियमात भारतातून येणाऱ्या कुत्र्याला रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी लागते. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पातळी किमान ०.५ आययू प्रति मिली यायला हवी, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. वर विमानभाडं. तोवर घरातल्या मुलांनी त्याला नाव ठेवलेलं असतं, कोण परत पाठवणार? अशी हमी कागदावरच राहते.

यावर एक उपाय आहे, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. हीच रक्ततपासणी पिल्लू युरोप सोडण्याआधी करून त्याच्या युरोपीय पासपोर्टमध्ये नोंदवून घेतली, तर परतताना तीन महिन्यांची वाट बघावी लागत नाही. मात्र रेबीजचा बूस्टर वेळेत, मुदत संपायच्या आत द्यावा लागतो. भारतासाठी महिनाभर थांबायचंच आहे, त्याला जोडून दोनेक आठवड्यांत हे होतं. तरी मी म्हणेन, करारात ‘बदली’ऐवजी ‘किमतीच्या अमुक टक्के परतावा, कुत्रा खरेदीदाराकडेच’ असं कलम मागा. खरी उपयोगी हमी तीच.

आणि हमी कशाची, हे कळायला आईबापांचे रिपोर्ट वाचता आले पाहिजेत. जर्मन शेफर्डच्या पेपरवर, म्हणजे वंशावळीच्या दाखल्यावर, हिपसाठी ‘ए’चा शिक्का असतो. तो दिसला की लोक खूश होतात. पण त्यात तीन पायऱ्या आहेत: नॉर्मल, जवळपास नॉर्मल, आणि ‘अजून चालेल’. ही तिसरी म्हणजे एफसीआयच्या, आंतरराष्ट्रीय केनेल संघटनेच्या, मापात सी, सौम्य डिस्प्लेशिया. आई आणि बाप दोघेही या तिसऱ्या पायरीवरचे असतील तर मी तरी ते पिल्लू घेणार नाही. कोपरांचा ग्रेड वेगळा विचारा, शून्य हवा. गुलाबी आणि पांढरे पेपर हा फरकही लक्षात घ्या. दोन्ही आईबाप प्रजनन-निवड परीक्षा, म्हणजे ‘क्योरुंग’, पास असतील तरच गुलाबी. किंमत गुलाबीची आणि पेपर पांढरे, असं होऊ देऊ नका.

पेपरवरून आठवलं: साधी पेडिग्री, म्हणजे हाच वंशावळीचा दाखला, आणि एक्स्पोर्ट पेडिग्री एकच नव्हे. इथे केसीआयमध्ये, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियात, नोंदणी करायची तर मूळ देशाच्या क्लबने तुमच्या नावावर काढलेली एक्स्पोर्ट पेडिग्री लागते. रशियातून घेतलेल्या पिल्लाबरोबर बऱ्याचदा फक्त ‘मेत्रिका’ येते. ते पिल्लाचं कार्ड आहे, पेडिग्री नव्हे, आणि ते बदलून घ्यायचं काम नंतर तुमच्या गळ्यात पडतं. कोण काढणार, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने, हे आधी ठरवा. ‘प्रजननास अपात्र’ असा शेरा पेपरवर आहे का, तेही बघा.

विमानाकडे येऊ. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या क्रेटचं भाडं धरून बजेट केलेलं असतं, प्रत्यक्षात जातो साडेचार महिन्यांचा कुत्रा. आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, माप असं: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग, ही क्रेटची आतली लांबी. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंत, आणि वर अंथरुणाची जाडी.

[स्क्रीनवर: ९१ × ६१ × ६६ ÷ ६००० = ६१]

कार्गोवाले वजनापेक्षा आकारमान जास्त असेल तर आकारमान धरतात. ९१ बाय ६१ बाय ६६ सेंटिमीटरचा क्रेट घेतला, गुणाकाराला ६००० ने भागलं, की ६१ किलो. कुत्रा अठरा किलोचा, क्रेट आठ-नऊ किलोचा, भाडं ६१ किलोचं. ७१ बाय ५२ बाय ५५ च्या छोट्या क्रेटला हेच ३४ किलो आलं असतं. क्रेटला प्लास्टिकच्या क्लिपऐवजी धातूचे नट-बोल्ट, चारही बाजूंनी हवा, पाण्याचं भांडं दाराला बाहेरून भरता येईल असं. झोपेचं औषध देऊ नका, बऱ्याच विमान कंपन्या असा कुत्रा घेतच नाहीत. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर अनेक कंपन्या सरळ नाही म्हणतात.

उतरायचं कुठे? एक्यूसीएसची केंद्रं आहेत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि कोचीला. पुण्याला किंवा गोव्याला पोहोचवायचं असलं तरी परदेशातून येणारं विमान यांपैकीच एका ठिकाणी उतरलं पाहिजे. एक्यूसीएसची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आधी हातात हवी, आणि आगमन शुक्रवार रात्र, सुट्टी, सणवार टाळून ठेवा. अधिकारी आल्याशिवाय कुत्रा सुटत नाही आणि कार्गोच्या शेडमध्ये एसी असेलच असं नाही. मूळ कागद कुत्र्याबरोबर, स्कॅन तुमच्याकडे. निघायच्या आदल्या दिवशी ब्रीडरला व्हिडिओ कॉलवर चिप स्कॅन करायला लावा आणि पंधरा आकडे पासपोर्ट, आरोग्य प्रमाणपत्र आणि पेडिग्री या तिन्हींवर जुळवा. एक आकडा चुकला तरी कुत्रा अडकतो.

याच व्हिडिओ कॉलने भामटेही गळतात. त्यांच्याकडे दाखवायला पिल्लूच नसतं. पैसे गेल्यावर एक ‘शिपिंग कंपनी’ उगवते, ती आधी खास क्रेटचे, मग विम्याचे, मग कस्टम्सचे ‘परत मिळणारे’ पैसे मागते. पहिल्याच मागणीला थांबा. आधी गेलेले पैसे सोडवायला आणखी पैसे घालू नका.

जातीचंही बघा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे तेवीस जातींवर बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, पण या यादीतल्या जातींचा परवाना काढताना आपल्या महापालिकेत आधी विचारा.

शेवटी, कुत्रा घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे. उत्तर युरोपातल्या केनेलमधल्या पिल्लाचा आपल्याकडच्या गोचिडांशी कधी संबंध आलेला नसतो. गोचीड-तापात प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात, आणि ‘प्रवासाने दमलाय, म्हणून खात नाही’ असं समजून लोक चार दिवस घालवतात. गोचिडांची गोळी आल्या आल्या सुरू करा, आणि खाणं सुटलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. पावसाळ्यात येणार असेल तर लेप्टोची लस पासपोर्टमध्ये आहे ना, ते बघा. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा, मे महिन्यात नव्हे.

आणि कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, पांढरा स्विस शेफर्ड यांपैकी काही आणत असाल तर एमडीआर१ जनुकाची चाचणी ब्रीडरकडून तिथेच करून घ्या. हा दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनचं जास्त मात्रेचं इंजेक्शन जिवावर बेततं, आणि आपल्याकडे खरुज-गोचिडांसाठी ते सर्रास दिलं जातं. रिपोर्ट येईपर्यंत व्हेटच्या फाइलवर पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा: आयव्हरमेक्टिन देऊ नये.