उतरती आच

[पहाट. स्वयंपाकघरातला पिवळा दिवा. परात, परातीत तूप.]

पहाटेचे पाच. मे महिना. कऱ्हाडातल्या या घरात एवढ्या लवकर उठायचं कारण एकच, बिस्किटांचं तूप. ऊन चढलं की ते पातळ होतं, आणि पातळ तूप कितीही फेसा, हलकं होत नाही. म्हणून तुपाचं पातेलं रात्रीपासून गार पाण्याच्या घमेल्यात बसवलेलं आहे.

हात आजींचा आहे. तळवा टेकवून एकाच दिशेनं गोल, गोल. पिवळं रवाळ तूप हळूहळू पांढरं पडतं. तळव्याखाली कण लागेनासे झाले आणि बोट उलटं धरलं तरी तूप ओघळलं नाही, की झालं. घड्याळ कुणी बघत नाही.

[पितळी मापटं. पिठीसाखर चाळणीतून पडते.]

हे मापटं आजींच्या सासूबाईंचं. मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली, पण या घरातली बिस्किटं अजून मापट्यानंच होतात. चार मापटी कणीक, मुठीनं रवा, साखर आणि तूप सवादोन-सवादोनला थोडं कमीच. वेलदोडा, जायफळ. शिवाय चिमूटभर खायचा अमोनिया. तो कशाला, ते भट्टीवर दिसेल.

पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की कणकेला चिकटपणा येतो आणि बिस्कीट चिवट होतं. धाकटी नात दोनदा चुकते, दोन्ही वेळा आजी काही न बोलता तिचा हात धरून थांबवतात.

[जुना फोटो. नऊवारीतल्या बाई, मांडीवर मूल.]

या सासूबाई. विकतचं बिस्कीट त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, असं आजी सांगतात. आज हे ऐकताना नवल वाटतं, पण बिस्कीट ही साधी गोष्ट नव्हती. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. शेवटी टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाच्या एका पेल्यापायी आणि एका बिस्किटापायी.

तो धाक घराघरांत पुढची कित्येक वर्षं मुरलेला होता. पण मुलं बिस्कीट मागायचीच. मग सासूबाईंनी वाट काढली. कणीक घरची, तूप घरचं, हात घरचा. फक्त विस्तव बाहेरचा. हा विस्तव होता गल्लीच्या टोकाच्या भट्टीवाल्यांचा. म्हणजे आज ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांच्या वडिलांचा. विकतच्या बिस्किटाला नाही म्हणणाऱ्या बाईंनी घरची परात निःशंकपणे त्या दाराशी पाठवली, आणि त्या दारानं ती कधी नाकारली नाही. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं वाटतं.

महाराष्ट्रात कितीतरी गावांत हे असं चालायचं, अजूनही चालतं. बेकरीवर पाटी असते, ‘घरचे सामान आणल्यास बिस्किटे करून मिळतील’. मजुरी किलोवर.

[गोळे वळताना. चारोळीची वाटी.]

गोळा वळायचा, अलगद दाबायचा, वर चारोळीचे तीन दाणे. दोन नाही, चार नाही. भट्टीत चार घरांचे पत्रे एकाच वेळी असतात. आपला ओळखायचा कसा, तर चारोळीवरून. शेजारच्या काकू चमच्याच्या टोकानं फुली मारतात. ही खूण तीन पिढ्यांची आहे.

[गल्ली. डोक्यावर परात, परातीवर ओलं फडकं.]

[निवेदन नाही. पावलांचा आवाज.]

[भट्टीचं दार.]

सकाळचे आठ. भट्टी रात्रभर जागी आहे. आत विटांचा घुमट, लाकडं आतच पेटवतात. घुमट तापला की निखारे एका बाजूला ओढायचे, तळ ओल्या पोत्यानं पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीनं पाव आत सारायचे. पावाला 200 अंशांच्या वरची आच लागते. पाव निघाले की भट्टी निवू लागते, पण विटा उष्णता धरून असतात. बिस्किटाला हवी 160-170 अंशांची. तीच आता, या वेळेला, आपोआप मिळते. कुणी तिच्यासाठी एक ढलपीही जास्त जाळलेली नाही.

चाचांकडे तापमापक नाही. ते चिमूटभर पीठ तळावर टाकतात आणि बघत राहतात. लगेच काळं पडलं, तर थांबा. बदामी होत गेलं, तर पत्रे घ्या.

[पीठ तळावर पडतं. रंग बदलतो.]

पत्रे आत गेले. थोड्या वेळानं दार किलकिलं केलं की पहिला वास बिस्किटांचा नसतो. नाकात आणि डोळ्यांत एक तीव्र झोंबणारा वास घुसतो, आमचा कॅमेरा इथेच हलला आहे. हा त्या चिमूटभर अमोनियाचा. आच लागली की त्याचा सगळा वायू होतो, बिस्कीट फुलवतो आणि बाहेर पडतो. मागे काही राहत नाही. बिस्कीट पातळ, कोरडं, म्हणून हे जमतं. जाड केकमध्ये हाच वास अडकून बसेल.

मग दुसऱ्यांदा दार उघडतं. आता तूप, वेलदोडा, भाजलेली कणीक.

[मुलांचे चेहरे. निवेदन नाही.]

बिस्किटांवर भेगा पडल्या आहेत. भेगा हव्यातच, बिस्कीट नीट फुललं त्याची ती पावती. बिस्किटांनंतर टोस्ट सुकायला जाईल, आणि दुपारपर्यंत ही भट्टी आपली शेवटची ऊब देऊन टाकेल.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेचा प्रश्न खरा आहे. कऱ्हाडला तो आदेश लागू नाही, पण लाकूड इथंही महागलं आहे आणि चाचांचा मुलगा गॅसच्या ओव्हनची चौकशी करून आला आहे. गॅस बंद केला की बिल थांबतं, पण विटांसारखी ऊब मागे राहत नाही, आणि परातीची वेळही संपते. ओव्हन आला तरी या घरांसाठी सकाळचा एक तास तापता ठेवावा, एवढंच आम्ही चाचांना म्हणालो. ते ‘बघू’ म्हणाले.

[पत्रे ओट्यावर. वाफ.]

गरम बिस्कीट मऊच असतं. ते निवल्यावर खुटखुटीत होतं. म्हणून कुणी हात लावायचा नाही आणि डबा तर मुळीच बंद करायचा नाही, वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळी नरम. आजी तास दीड तास तिथेच बाकड्यावर बसतात. चाचा त्यांच्यासाठी चहा मागवतात. दोघं गेल्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलतात.

[पत्र्याचा डबा. तळाला वर्तमानपत्र, वर ब्राऊन पेपर.]

मग एकेक थर. मोजलं तेव्हा दोनशेअकरा भरली. अकरा चाचांच्या ओट्यावर ठेवली जातात, वरची सुटी तिथेच ठेवायची हा सासूबाईंपासूनचा रिवाज. मजुरीचे पैसे वेगळे, ते आजी पदराच्या गाठीतून काढतात.

दारात पुढची परात आली आहे. फडकं बाजूला होतं. प्रत्येक गोळ्यावर चमच्याची फुली.

[दार बंद होतं.]